पोटात गेलेल्या शाईचा हिशोब कुठाय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरगुती फोटो प्रिंटरवरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. तक्ता देखणा आहे. त्याच्याखालची प्रिंटरची अर्ध्या पानाची जाहिरातही देखणी आहे. पण 'पानामागे अवघे इतके पैसे' असा जो आकडा ठळक टाइपात छापलात, तो फोटो छापणाऱ्याच्या काय कामाचा?

टँक प्रिंटरच्या (म्हणजे टाकीत बाटलीने शाई ओतायची, त्या प्रिंटरच्या) एका बाटलीमागे जी हजारो पानं सांगतात, ती आयएसओ 24712 या आंतरराष्ट्रीय मानकाच्या ठरावीक नमुना-पानांवर काढलेली असतात. ऑफिसच्या कागदांसारखी पानं, त्यात भरपूर कोरी जागा, आणि छपाई सलग. फोटोंसाठी 29102 हे वेगळं मानक आहे. लेखात त्याचं नावही नाही. 4 बाय 6 च्या फोटोत कोरी जागा असते कुठे? शिवाय चार रंगांच्या बऱ्याच टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, म्हणजे न विरघळणाऱ्या बारीक रंगकणांची असते. ती ग्लॉसी कागदावर नीट बसत नाही, म्हणून फोटोतला काळा रंग उरलेल्या तीन रंगांतून बनतो. तिथे काळ्या बाटलीची पानं मोजणं म्हणजे वरणाचा खर्च काढायला तांदळाचा भाव विचारणं.

हेही सोडा. आमच्याकडे टँक प्रिंटर आहे, असाच एक लेख वाचून मुलाने आणलेला. मे महिन्यात नातवाच्या मुंजीसाठी गावी गेलो, घर बंद होतं. परत येऊन मोठ्या हौसेने भिक्षावळीचा फोटो छापला, तर सोवळं पिवळं, बटू पिवळा, मामाचा लाल फेटाही पिवळा. मजेंटाचा, म्हणजे गडद गुलाबी शाईचा, हेड (शाई फवारणारा भाग) सुकलेला. मग हेड क्लीनिंग. पुन्हा क्लीनिंग. मग 'पॉवर क्लीनिंग'. अडकलेला रंग एक, पण टाक्यांमधली पातळी चारही रंगांची खाली येताना डोळ्यांनी दिसते. एवढं करून फेटा गुलाबी झाला, लाल नाहीच. त्यातच स्क्रीनवर सूचना आली की वेस्ट पॅड (क्लीनिंगमध्ये वाया गेलेली शाई शोषून घेणारं) भरलं. सर्व्हिसचा मुलगा आला, मागचं झाकण उघडून त्याने ते पॅड बाहेर काढलं: काळंजांभळं, चिकट, शाईने निथळणारं. आमच्या पैशांची शाई ती! वर्तमानपत्र अंथरून ठेवलं तरी फरशीवर डाग पडलाच. वर मुलगा म्हणतो, "काका, आठवड्याला एखादं कलर पान काढत चला, हेड चालता राहतो. आणि हे वॉरंटीत येत नाही हं." म्हणजे शाई वाचवायला शाई घालवायची. हा खर्च तुमच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात आहे?

रोज छापणाऱ्याला टँक परवडतो, यात वाद नाही. पण सणावारी चार फोटो छापणाऱ्या घराचं काय? डाय-सब्लिमेशनचे छोटे प्रिंटर लेखकाने 'महाग' म्हणून दोन ओळींत उडवलेत. त्यांत पातळ शाईच नसते, रिबन असते; तिच्यावरचा रंग उष्णतेने कागदावर उतरतो. पिवळा, मजेंटा, सायन (निळसर) आणि वरून पारदर्शक थर. सुकायला काही नाही. कॅननच्या 'सेल्फी' (SELPHY) नावाच्या अशा प्रिंटरला 108 फोटोंचा कागद आणि रिबन एकत्र मिळते, म्हणजे पाकिटाच्या किमतीला 108 ने भागा, झाला एका फोटोचा खर्च. फोटो काळोखाचा असो की बर्फाचा, तेवढाच. मोठा फोटो निघत नाही, हे खरं. पण निदान हिशोब तरी सरळ! आणि तेही नको असेल, तर कोपऱ्यावरचा फोटोवाला आहेच. मुंजीचे फोटो शेवटी त्यालाच रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवले, सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा पाकीट तयार. लेखात त्याच्या दराशी तुलना का नाही? की त्याची जाहिरात अर्ध्या पानाची नसते म्हणून?

जाता जाता एक. रंगांचा विषय निघालाच आहे, तर गेले काही रविवार आपल्या पुरवणीत रंग एकमेकांवर बसत नाहीत. परवाच्या पहिल्या पानावर प्रत्येकाला दोन दोन नाकं होती. आमच्या हिने तर आधी चष्मा पुसला, मग डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावायला निघाली. फोटो कसे छापावेत यावर वाचकांना आणखी लेख द्यायचे असतील तर जरूर द्या, पण त्याआधी छापखान्यात एकदा कुणाला तरी पाठवा.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व), मुंबई