माईंच्या पेटीतली तार

इंदूर, रामबाग
१९ डिसेंबर

प्रिय सुध्या,

दिवाळीपासून तुझे फोन घेतले नाहीत, याचा तुला राग आला असेल आणि तो यायलाच हवा. पण हे फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. कागद समोर ठेवून, तारखा तपासत सांगायचं आहे. इकडे तब्येती ठीक. अण्णाकाकांचे गुडघे तसेच, साखर ताब्यात.

अण्णाकाकांच्या १९७१ च्या लढाईतल्या पदकांसाठी राजूनं केलेल्या अर्जाला सोळा तारखेला फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. नेमकं सोळा डिसेंबरला, लढाई संपली त्याच तारखेला! अण्णाकाका ओसरीवर दाढी करत होते. म्हणाले, वाच. मी वाचलं. नोकरीची कागदपत्रं ठरलेली मुदत संपल्यावर नष्ट केली आहेत, लाँग रोलमध्ये पदकांच्या रकान्यात फक्त संग्राम मेडल आहे, जखमेची नोंद नाही. त्यांनी रेझर पाण्यात बुडवला आणि विचारलं, "म्हणजे मी तिथं नव्हतोच का?" उरलेली दाढी तशीच राहिली. संध्याकाळपर्यंत अर्ध्या दाढीनं बसले होते. तो खांदा तू पाहिला आहेस. विहिरीवर त्या खळग्यात बोट घालायला आपण दोघं भांडायचो. म्हणून हे तुलाच लिहितोय, राजूला नाही.

आधी कागद का नाहीत ते सांगतो, म्हणजे उगाच कुणावर चिडणार नाहीस. अण्णाकाका १९६६ ला भरती झाले आणि १९७४ ला घरच्या अडचणीसाठी नाव कापून आले. आठ वर्षं. जवानाला पेन्शनसाठी पंधरा लागतात. पेन्शन नसलेल्याची सर्व्हिस डॉक्युमेंट, म्हणजे शीट रोल, मेडिकलचे कागद वगैरे, पंचवीस वर्षं ठेवून नष्ट करतात. आर्मी रेग्युलेशनच्या ५९५ व्या परिच्छेदात तसं लिहिलेलंच आहे. कायम राहतो तो लाँग रोल. मोठं रजिस्टर, एका माणसाला एक ओळ. नंबर, नाव, भरती, डिस्चार्ज, कारण, पदकं. त्या ओळीत १९७४ पर्यंत जे चढलं नाही ते नंतर आपोआप चढत नाही.

आणि चढलं का नाही, तर ही पदकं लढाई संपल्यावर जाहीर झाली. मग प्रत्येक पलटणीनं आपल्या हजेरीवरच्या माणसांची यादी करून दावा पाठवला. जो जखमी होऊन हॉस्पिटलात गेला तो तोवर 'वाय लिस्ट'वर, म्हणजे हॉस्पिटलात असलेल्यांच्या यादीवर, गेलेला. पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे माणसांच्या नोंदींच्या आदेशात, त्याचं एसओएस छापलं गेलं, म्हणजे पटावरून नाव कमी. हॉस्पिटलातून सुटल्यावर तो सेंटरला, म्हणजे रेजिमेंटच्या मुख्य केंद्राला, जातो. पलटणीला वाटतं सेंटर दावा करेल, सेंटरला वाटतं पलटणीनं केला असेल. जो सगळ्यात जास्त लढाईत होता तोच यादीतून गळतो. अण्णाकाकांचं संग्राम मेडल आलं ते सेंटरमधून, कारण ते व्यापक आहे, त्या काळात सैन्यात असलेल्या बहुतेकांना मिळालं. 'पूर्वी स्टार' हे पदक मात्र जो पूर्व आघाडीवर होता त्याला, आणि तो दावा पलटणीकडून जायला हवा होता. त्यांच्या मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं आहे, मी भिंगातून वाचून डिस्चार्ज बुकाशी ताडून घेतलं. नंबर बरोबर आहे. 'शिंदे'चं 'सिंदे' झालंय, पण त्यानं बिघडत नाही, फौजेत माणूस नंबरानं ओळखतात.

आता राजूनं काय करून ठेवलंय ते ऐक. प्रेमानं केलं, पण घोळ केला. मागच्या वर्षी त्यानं थेट दिल्लीला अर्ज टाकला की काकांना वीरचक्र द्या. शौर्यपदक असं मागून मिळत नाही रे. त्याची शिफारस त्याच वेळी कमांडिंग ऑफिसरकडून वर जावी लागते, आणि मंजूर झालं की राजपत्रात छापून येतं. पन्नास वर्षांनी पुतण्याच्या अर्जावर कुणी शिफारस करत नाही. स्टार आणि वुंड मेडलचं, म्हणजे ज्याला आता पराक्रम पदक म्हणतात त्या जखमेच्या पदकाचं, तसं नाही. ते हक्काचं आहे. तिथं होतास, शत्रूच्या थेट माऱ्यात जखमी झालास, हे सिद्ध कर आणि घे. बक्षीस मागणं आणि नोंद दुरुस्त करून मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि राजूनं त्या एका कागदात घातल्या. दुसरा अर्ज त्यानं महूला नेऊन दिला, कारण महू जवळ आणि तिथं फौज दिसते. महूला शाळा आहेत, रेकॉर्ड नाही. प्रत्येक रेजिमेंटचं रेकॉर्ड ऑफिस ठरलेलं असतं. मराठ्यांचं बेळगावला, महारचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, सिग्नलचं जबलपूरला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला. आपलं कुठलं ते तुला माहीतच आहे.

पण खरी पाचर मारली ती तिसऱ्या अर्जानं. डिस्चार्ज बुकात घडी घालून ठेवलेली बेस हॉस्पिटलची चिठ्ठी त्यानं जोडली. चिठ्ठीवर दाखल झाल्याची तारीख १९ डिसेंबर १९७१. ढाक्याला शरणागती झाली १६ ला. कारकुनानं सरळ हिशेब केला, लढाई संपल्यावर तीन दिवसांनी दाखल, म्हणजे अपघात. फौजेच्या भाषेत फिजिकल कॅज्युअल्टी, बॅटल कॅज्युअल्टी नव्हे. या एका शब्दावर सगळं अडलंय. आता अण्णाकाका तर शपथेवर सांगतात की गोळी १३ ला लागली. ते खोटं नाही आणि चिठ्ठीही खोटी नाही. जखमी माणूस आधी रेजिमेंटल एड पोस्टवर जातो, तिथून ॲडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन, मग मागे मागे, मध्ये नद्या, पूल उडवलेले, आणि शेवटी बेस हॉस्पिटल. सहा दिवस लागणं मुळीच जास्त नाही. पण हे सांगून चालत नाही, १३ तारखेचा त्याच वेळचा कागद दाखवावा लागतो.

आणि तो कागद तुझ्या माळ्यावर आहे, सुध्या.

आठव. आजोबांना आलेली तार. जवान जखमी झाला की त्याच्या घरच्यांना तार जायची. तीत नंबर, हुद्दा, नाव आणि 'वुंडेड इन ॲक्शन', तारखेसकट. वाचायला शेजारच्या मास्तरांना बोलावलं होतं, आणि माईंनी ती देवघरातल्या पोथीत ठेवली होती. दर नागपंचमीला पोथी उघडली की त्या आपल्याला दाखवायच्या, हात धुतल्याशिवाय लावू द्यायच्या नाहीत. रामबागेतलं जुनं घर सोडलं तेव्हा पोथ्या त्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत गेल्या आणि पेटी तू बडोद्याला नेलीस. तेव्हा मी तुला म्हटलं होतं की पेटी इथं राहू दे. तू म्हणालास, तुला आमच्या घरात काय कळतं. आपण दीड वर्ष बोललो नाही. ते सगळं मी आता सोडून दिलंय, कारण तू काहीच फेकत नाहीस हीच आज जमेची बाजू आहे. सायकलचा फुटका दिवा जपणारा माणूस आईची पोथी टाकणार नाही, एवढा माझा तुझ्यावर विश्वास आहे.

ती तार का मोलाची, तर ती आपण केलेली नाही. फौजेनंच धाडलेली आहे. वर तारघराचा शिक्का आहे, म्हणजे तारीख तिसऱ्याच खात्याची. शिक्का १९ च्या आधीचा निघाला तर चिठ्ठीवरून काढलेला निष्कर्ष आपोआप पडतो. दुसरी प्रत कुठं मिळायची नाही, तारसेवाच २०१३ च्या जुलैत बंद झाली.

बाकीची तयारी मी करतोय. माहिती अधिकाराचा नवा अर्ज अण्णाकाकांच्याच नावानं आणि सहीनं जाईल. राजूच्या नावानं गेला तर परक्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, पाचशे शब्दांच्या आत. त्यात 'पदक का दिलं नाही' असं विचारायचं नाही, त्याला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. फक्त प्रती मागायच्या. लाँग रोलमधल्या त्या ओळीची छायाप्रत, डिसेंबर ७१ ते डिसेंबर ७२ मधल्या या नंबराच्या पार्ट टू ऑर्डर, पूर्वी स्टारच्या पलटणीच्या यादीतलं त्यांच्या कंपनीचं पान, आणि कागद नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत. तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पहिलं अपील. पलटणीच्या वॉर डायरीसाठी संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाला वेगळं पत्र. २०२१ च्या धोरणानुसार पंचवीस वर्षांहून जुने युद्धाचे कागद साधारणपणे खुले व्हायला हवेत. डायरीत जवानाचं नाव सहसा नसतं, पण १३ तारखेला कंपनी कुठं होती आणि किती जखमी झाले ते असू शकतं.

साताऱ्याच्या जगतापनानांशी बोललो. त्याच कंपनीत होते, त्यांना पूर्वी स्टार आहे. त्यांचं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेऊ. 'आम्ही शौर्यानं लढलो' छापाचं नको. नंबर, कंपनी, तारीख, वेळ, ते स्वतः किती अंतरावर होते, कुणी उचलून नेलं, एवढंच. सोबत त्यांच्या डिस्चार्ज बुकातलं पदकांचं पान. नाना एकोणऐंशीचे आहेत, म्हणून घाई.

हे सगळं जोडून रेकॉर्ड ऑफिसला एकच निवेदन, स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह. मागण्या दोनच, आणि त्या वेगळ्या परिच्छेदांत. पूर्वी स्टार तैनातीवरून, पराक्रम पदक जखमेवरून. दुसरी अडकली तरी पहिली सुटावी. वॉर इंज्युरी पेन्शनचं नाव यात काढायचं नाही असं मी राजूला बजावलंय. तो वेगळा रस्ता, त्याला मेडिकल बोर्ड वगैरे लागतं, आणि पैशाचा वास आला की साधी दुरुस्तीही फाइलीत बसते. नकार आला तर सहा महिन्यांच्या आत आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, आपल्याला जबलपूरचं बेंच. सहा महिने उत्तरच आलं नाही तरी जाता येतं, आणि तिथून पुढे सहा महिन्यांची मुदत. उशीर माफ करण्याचा अर्ज सोबत लावावा लागेल. पन्नास वर्षं काय करत होता हे विचारतीलच. खरं कारण लिहायचं. त्यांना हे पदक आपल्याला लागू आहे हेच कुणी सांगितलं नव्हतं.

वहिनींचं ऑपरेशन नीट झालं हे राजूकडून कळलं, बरं वाटलं. चिन्मयची नोकरी लागली का? दांडिया बाजारातलं घर विकायचं मनात असेल तर माळा आधी रिकामा कर, मग दलाल बोलाव.

आता पेटीचं. पोथी उघडताना कागद ओढून काढू नकोस, जुनी तार घडीवर फाटते. पान तसंच उलटून सपाट कर. लॅमिनेशन अजिबात नको, चिकटपट्टी नको. दोन्ही बाजूंचे फोटो खिडकीच्या उजेडात, शिक्क्याचा जवळून वेगळा. मग बडोद्यातच राजपत्रित अधिकाऱ्याकडून तीन प्रती साक्षांकित करून घे. मूळ तार कुरियरनं पाठवायची नाही, तू स्वतः घेऊन ये. तार नाहीच सापडली तर आजोबांची डायरी बघ. डिसेंबर ७१ चं पान. तार आली त्या दिवशी त्यांनी काहीतरी नक्की लिहिलं असेल, ते दुधाचा हिशेबसुद्धा चुकवत नव्हते.

अण्णाकाकांना मी तारेचं अजून सांगितलेलं नाही. सापडली की तूच सांग. काल त्यांनी दाढी केली, पूर्ण.

तुझा,
बंडू

ता. क. पेटीची किल्ली माईंच्या मंगळसूत्राच्या डबीत असायची. तिथं नसेल तर कुलूप तोड, मी नवं घेऊन देईन.