आधी नियम वाच म्हणणाऱ्या ताईसाठी

ताई,

मला दगडांच्या, म्हणजे जिऑलॉजीच्या, वाटेला लावलंस म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर थँक्यू टाकलं की तू नुसता अंगठा पाठवून मोकळी होतेस, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय, आता वाचावंच लागेल.

बारावीत असताना मला दगडांचं लय वेड आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं पण त्याचं पुढं करायचं काय ते कुणालाच सांगता येत नव्हतं. जुळे सोलापुरात ज्याला विचारावं तो कॉम्प्युटर नाहीतर सिव्हिल, एक काका तर बाबांना म्हणाले पोरीला खडी फोडायला पाठवताय काय. सीईटीच्या यादीत जिऑलॉजिकल इंजिनिअरिंग म्हणून ब्रांच शोधली तर मला सापडेना. तू तेव्हा आवड जप वगैरे काही बोलली नाहीस. म्हणालीस आधी नोकरीच्या जाहिराती काढ, खाली पात्रता काय लिहिलीय वाच, मग डिग्री ठरव. त्यातनंच कळलं की यूपीएससीच्या कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षेतनं जीएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यात, जिऑलॉजिस्ट व्हायचं तर मास्टर्स लागतं, नुसत्या बीटेकवर भागत नाही. म्हणून मास्टर्सपर्यंत एकदमच नेणारा पाच वर्षांचा इंटिग्रेटेड कोर्स, त्यासाठी जेईई अ‍ॅडव्हान्स्ड, नाहीच जमलं तर बीएस्सी जिऑलॉजी करून आयआयटीतल्या एमएस्सीसाठी जॅम परीक्षा द्यायची, नाहीतर आपल्याच विद्यापीठात अप्लाइड जिऑलॉजीची एमएस्सी आहेच. तो कागद अजून माझ्याकडं आहे, तुझं अक्षर भयंकर आहे.

आणि मोहोळकडं तुझ्या मामांच्या शेतात विहीर चालू होती तिथं नेलंस ते. विहिरीतले दगड-माती काढणारी यारी वर-खाली करतीय, आपण काठावर उभ्या, वर काळी माती, मग मुरूम, मग ठिपकेदार मांजऱ्या खडक, मधे गेरूचा तांबडा पट्टा, त्याखाली काळा कातळ. यारीवाल्या दादांनी एकेक नाव सांगितलं आणि तू म्हणालीस, जिऑलॉजीवाला विचारतो हा थर झाला कसा, आपण त्याच्या पुढं जाऊन विचारायचं की हा कापला, भिजवला, त्याच्यावर वजन टाकलं तर हा काय करेल. काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, भिंतींना तडे जातात, हे सोलापूरकराला काय नवीन नाही. पण गेरू मला माहीत नव्हता. लाव्हाचा एक थर थंड झाला, त्याचा वरचा भाग झिजून माती झाली, मग त्याच्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती माती मधे भाजून निघाली. कोरडा असला की बरा दिसतो, भिजला की चिखल.

ते कुठं कामाला आलं सांगू? ट्रेनिंगला सह्याद्रीत एका बोगद्याच्या साइटवर होते, तिथं कोअर बॉक्स, म्हणजे ड्रिल करून काढलेल्या खडकाच्या दांड्यांची पेटी, समोर ठेवून आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याचा टक्का, काढायला दिलं. दहा सेमीपेक्षा लांब तुकड्यांची बेरीज, भागिले ड्रिल केलेली लांबी, दीड मीटरमध्ये 90 सेमी भरले की 60 टक्के. काढताना किंवा हाताळताना मोडलेले तुकडे परत जोडून मोजायचे, कडा ताज्या दिसतात त्यावरनं ओळखायचं. सोपंय. पण बॉक्समध्ये मधेच रिकामी जागा होती आणि मला त्या टक्क्यांपेक्षा तीच खुपत राहिली, कारण मऊ थर ड्रिलिंगच्या पाण्यात धुऊन जातो, म्हणजे जो सगळ्यात जास्त त्रास देणार तोच बॉक्समध्ये नसतो. वरच्या-खालच्या तुकड्यांच्या टोकाला तांबडं लागलेलं होतं. तुझा गेरू!

धनबादला शिकायला आल्यावर तर वेगळीच गंमत, आपल्याकडं सगळे थर जवळजवळ आडवे, इथं फील्डवर गेलं की सगळं तिरपं, वाकलेलं, ब्रंटन कंपास घेऊन नती, म्हणजे थर किती कललाय ते, मोजत बसायचं. आणि आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे त्या काळ्या कातळाच्या, खाली पण असलंच जुनं काहीतरी आहे, 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतलं तेव्हा 338 मीटरवर बेसाल्ट संपला. आजीला हे सांगितलं तर म्हणाली एवढं खोल जाऊन पाणी लागलं का.

एक गोष्ट मात्र वेगळी सांगायचीय. घरी येऊन तू आईला शेंगाचटणी खात खात सगळं खरं सांगितलंस. साइटवर बायकांसाठी धड टॉयलेट नसतं, रात्री-अपरात्री ड्रिलिंग चालू असतं, बदल्या होतात, पहिला पगार कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असू शकतो. मला वाटलं झालं, आता आई नाही म्हणणार. तुझ्या पाठीमागं ती बाबांना म्हणाली, ही लपवत नाही काही, हिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. एवढ्यावर माझं जाणं ठरलं बघ.

बाकी, मावसभाऊ यंदा बारावीला आहे आणि त्यालाही हेच करायचंय म्हणे. जाहिराती वाच म्हणून मी सांगितलंय, तरी त्याला तुझा नंबर दिलाय. फोन उचल.

तुझी,
गेरूवाली