दोन चौकटी, एक रकाना

महोदय,

अमेरिकेतला माझा नातू यंदा कॉलेजचे अर्ज भरतोय. आई, म्हणजे माझी लेक, साताऱ्यात वाढलेली. वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. वंशाच्या प्रश्नापाशी गाडी अडली. व्हिडिओ कॉलवर विचारतो, "आजी, कुठं टिक करू?" म्हटलं, दोन्हीकडे कर की!

तिथल्या जनगणनेत २००० पासून एकाहून जास्त वंश नोंदवता येतात. पण कॉलेजं सरकारला आकडे कळवतात तेव्हा अशी मुलं 'दोन किंवा अधिक वंश' या एकाच रकान्यात जातात. ना आशियाईत, ना कृष्णवर्णीयांत. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रवेश देताना नुसत्या वंशाला वजन देता येत नाही, निबंधात अनुभव मात्र लिहिता येतो. पोरानं माझ्या थालीपिठावर अख्खा परिच्छेद लिहिलाय. भाजणीचं प्रमाण चुकलंय, ते सांगितलं.

– एक आजी, सातारा