भुलीच्या डॉक्टर मॅडम, तुमचे आभार मानायचे राहूनच गेले

मॅडम, आईचं एएफचं (हृदयाचे ठोके अनियमित पडतात त्या आजाराचं) अब्लेशन, म्हणजे हृदयात नळी घालून डाग देणं, झालं तेव्हा आम्ही हार्टच्या डॉक्टरांना पेढे दिले, सिस्टरना दिले, आणि तुम्ही तोवर दुसऱ्या केसला गेला होतात. ते मनाला लागून राहिलंय म्हणून हे लिहितोय.

आदल्या दिवशी तपासायला आलात तेव्हा आईला दमा आहे का, जिना चढताना घरघर होते का, चुलीपुढे किती वर्षं काढली, हे तुम्ही फिरून फिरून विचारत होतात आणि मला खरं तर वैताग आला होता, त्रास हार्टचा आहे तर छातीचं एवढं कशाला. मग तुम्ही फाइलच्या मागे चित्र काढलंत. हृदयाचा डावा वरचा कप्पा, त्यात फुप्फुसांकडून येणाऱ्या चार शिरा, ठोके बिघडवणारा करंट बहुतेक वेळा तिथूनच सुटतो (1998 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी हे दाखवलं), म्हणून शिरांच्या तोंडाशी गोल डाग द्यायचे. पण दर श्वासाला फुप्फुस फुगतं, हृदय हलतं, डाग देणाऱ्या बारीक नळीचं, कॅथेटरचं, टोक घसरतं, आणि डाग अर्धवट बसला की त्या फटीतून करंट परत वाट काढतो. म्हणून भुलेत मशीनने मिनिटाला नेहमीचे 400-450 मिलीचे 12-14 श्वास न देता तुम्ही निम्म्या मापाचे, मिनिटाला 40-50 देणार होतात. दमेकऱ्याची हवा तेवढ्या घाईत पूर्ण बाहेर पडत नाही, आत साठत जाते, म्हणून ते सगळे प्रश्न! काही ठिकाणी जेटचं वेगळं मशीन असतं, ते मिनिटाला शंभरावर बारीक श्वास देतं, हेही तुम्हीच सांगितलंत.

कॅथ लॅबमधल्या (जिथे हे अब्लेशन झालं त्या खोलीतल्या) टेक्निशियन दादांनी नंतर सांगितलं की मॅडम जागच्या हलल्या नाहीत, कार्बन डायऑक्साइड वाढत नाही ना म्हणून मनगटातून रक्त घेऊन गॅस बघत होत्या, आणि शेवटी मोठे श्वास देऊन फुप्फुसं परत नीट फुलवली. आम्ही बाहेर बसलो होतो, आम्हाला यातलं काहीच दिसलं नाही.

आईला एवढंच आठवतं की मास्क लावताना तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात, "मावशी, आता मोठा श्वास घ्या." बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगून झालंय.

परवा तीन महिन्यांनी होल्टर (ठोक्यांची सलग नोंद करणारं छोटं यंत्र) लावला, ठोके सरळ आले. पुढच्या महिन्यात फॉलोअपला येतोय, पेढा ती स्वतः तुमच्या हातात देणार म्हणतेय. कॅथ लॅबच्या बाहेर बाकड्यावर बसून राहू, तुमची केस संपली की या.