लीना, पार्सल आणू नकोस

माझगाव, मुंबई
७ एप्रिल

चि. लीनास अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ‘नंतर करते’ म्हणून फोन ठेवलास आणि नंतर काही तो आला नाही. कामात असेल, असं मी बाबांना म्हटलं. ते ‘हो’ म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला. फोनवर बोलायला लागले की मी मध्येच रडते आणि तू मलाच समजावत बसतेस, म्हणून हे पत्र.

तिकडच्या, टोरांटोतल्या पाडव्याच्या कार्यक्रमाचं तू हसत हसत सांगितलंस. तुझा बाबांसारखा चिनी चेहरा बघून त्या बाईंनी म्हणे विचारलं, ‘तुम्ही मराठी किती छान बोलता, कुठे शिकलात?’ मी असते तर म्हटलं असतं, बाई, आईच्या पोटात! पण तू काहीच बोलली नाहीस, पंगत बसायच्या आत कोट चढवलास आणि बस पकडलीस. हे मला खटकलं. त्या बाईंचं सोड, त्यांच्या मनात काही वाईट नसेल. पण करोनाच्या दिवसांत डॉकयार्डच्या फलाटावर कोणी पोरगा तुला ‘ए कोरोना’ म्हणाला, तेव्हा तू त्याची जी माझगावी भाषेत काढलीस ती ऐकून बाकड्यावरची कोळीण टाळ्या पिटत होती. मला लाज वाटल्यासारखं दाखवावं लागलं, पण रात्री बाबांना सांगताना माझाच ऊर भरून आला होता. तीच पोरगी पुरी न खाता गुपचूप उठून गेली, हे मला कळत नाही.

आणि टोरांटोजवळच्या मार्कममध्ये ती दुकानदार म्हातारी तुझ्याशी कँटनीजमध्ये बोलायला लागली, तुला येत नाही म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. म्हणजे इकडचे चेहरा बघून दचकतात, तिकडचे जीभ ऐकून. मग तू बोलतेस तरी कोणाशी? ऑफिसातल्या मीटिंगा मोजू नकोस.

परवा आम्ही अँटॉप हिलच्या चिनी कब्रस्तानात जाऊन आलो. चिंग मिंगला, पितरांची थडगी साफ करायच्या त्या सणाला, बाबा ऐकत नाहीत, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन महिनाही झाला नव्हता तरी गेलेच. तुझ्या आजोबांच्या, येयेंच्या दगडाभोवतीचं गवत मी काढलं. बाबांनी लाल रंगाची डबी उघडली आणि नेहमीप्रमाणे अक्षरं रंगवायला बसले. त्यांना त्यातली निम्मी वाचताही येत नाहीत. खोबण जिकडे जाते तिकडे ब्रश नेतात. एका ठिकाणी खोबण झिजली आहे, तिथे थांबले आणि मला विचारलं, ‘इथे रेघ होती का गं?’ मी कुठून सांगणार! मग त्यांनी मोबाइलमध्ये तू मागच्या वेळी काढलेला फोटो शोधला आणि त्यावरून पुरी केली. संत्री ठेवली, रमचे तीन छोटे पेले ठेवले. येतानाच्या टॅक्सीत एक शब्द बोलले नाहीत.

येये तुला आठवतात ते म्हातारे, खिडकीतले. मी लग्न होऊन आले तेव्हा ते कूनमध्ये, आपल्या चिनी देवळात, रोज जायचे. नवाब टँक रोडवरची ती वास्तू १९१९ची, खलाशांना उतरायला बांधलेली. वरच्या मजल्यावर क्वान कुंग देवाला उदबत्ती लावायची आणि मग माहजाँग, तो ठोकळ्यांचा खेळ. माहजाँगला चार भिडू लागतात. १९६२च्या चीनशी झालेल्या लढाईनंतर भिडू गळत गेले. कोणी हाँगकाँगला गेले, कोणी तुझ्या टोरांटोला. आसाम-दार्जिलिंगकडच्या लोकांचं तर विचारूच नकोस, बायकापोरांसकट सुमारे ३००० माणसं राजस्थानात देवलीच्या छावणीत नेऊन ठेवली होती आणि त्यातल्या कितीतरींना मद्रासहून बोटीत बसवून चीनला धाडलं, ज्यांनी चीन कधी पाहिलाही नव्हता अशांना. येये इथेच राहिले, पण गोदीतलं सुतारकाम गेलं. नोंदणीच्या वहीवर शिक्का मारून घ्यायला चौकीवर जायचं, शहराबाहेर पाऊल टाकायचं तर परवानगी. बाबा तेव्हा पहिलीत होते. वर्गातली मुलं काय म्हणायची ते त्यांनी मला आजवर सांगितलेलं नाही, मीही खोदून विचारलेलं नाही.

तर चौथा भिडू मिळेना. शेवटी येयेंनी माथारपाखाडीच्या पेद्रू अंकलना धरलं. त्यांना चिनीचं एक अक्षर कळायचं नाही, येयेंचं हिंदी तोडकंमोडकं. पण येयेंनी त्यांना ठोकळे ओळखायला शिकवले आणि पुढची कितीतरी वर्षं ते चार जण शिव्या देत खेळले. पेद्रू अंकल गेले आणि येये खिडकीत बसले ते बसलेच. मग हिंदी विसरले, मराठी विसरले, नुसतं गावाकडचं बोलायला लागले. बाबांना त्यातलं थोडंफार कळायचं, मला काहीच नाही, मी आपली ‘हो, हो’ म्हणायची. तू मात्र समोर फतकल मारून त्यांना शाळेतल्या भांडणांचं मराठीत सांगायचीस आणि ते त्यांच्या भाषेत उत्तर द्यायचे. तुमचं काय चालायचं देव जाणे.

म्हणून मला भीती वाटते, दुसरं काही नाही. बोलणं एकदम बंद होत नसतं गं, आधी पंगतीतून उठणं होतं.

तूच सांगितलं होतंस ना तिथल्या जुन्या चिनी लोकांचं? कॅनडाने १८८५मध्ये माणशी ५० डॉलर डोईपट्टी लावली, १९०३मध्ये ती ५०० केली आणि १९२३पासून १९४७पर्यंत येणंच जवळजवळ बंद. बाप्ये तिकडे लाँड्रीत कपडे धुतायत, बायका गावात म्हाताऱ्या होतायत. बाबा म्हणाले, त्यातले बहुतेक येयेंच्याच मुलखातले. एकाच गल्लीतला एक व्हँकुव्हरला उतरला असेल, एक मुंबईला. तिथल्या सरकारने २००६मध्ये माफी तरी मागितली. देवलीच्या लोकांची इथे अजून कोणी मागितलेली नाही. असो, हा बाबांचा विषय, सुरू झाला की जेवण गार होतं.

तुझं पीआर, म्हणजे कॅनडात कायमचं राहायची परवानगी, झालं तेव्हा बाबांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. आता हिला कुठे शिक्का मारायला जावं लागणार नाही, असं वॉचमनलासुद्धा सांगत होते. त्या माणसाला मी कसं सांगू की तू रविवारी दिवसभर पडदे लावून झोपतेस?

तेव्हा नीट ऐक. आठवड्यातून दोनदा तरी कोणाबरोबर बसून जेवायचं. उभ्याने, लॅपटॉपसमोर नाही. सकाळी चालायला जा. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस. लायब्ररीत जा, तळमजल्यावरच्या त्या तमिळ मावशींना चहाला बोलाव... झालं माझं कीर्तन सुरू. तिशी उलटलेल्या मुलीला हे सांगू नये हे मला कळतं. राग मानू नकोस. एवढ्या थंडीत, अनोळखी गावात तू एकटीने घर मांडलंस, मला तर ठाण्याला एकटीने जायचं म्हटलं तरी दोनदा गाडी विचारावी लागते.

कोकम आणि गोडा मसाला शिंदेकाकूंच्या भाच्याबरोबर पाठवते आहे. तो मिसिसागाला उतरतो, तू जाऊन घे. त्याच्या बायकोला भेट, चांगली वाटली मला.

आणि स्कारबरोचं ते हक्का हॉटेल, कोलकात्याच्या टांग्र्याच्या चिनी वस्तीतून आलेल्या काकांचं. तेच ना, जे तुझा चेहरा बघून सरळ हिंदीत ‘मिर्ची ज्यादा?’ विचारतात? तिथून तू दर शुक्रवारी चिली चिकन घरी आणतेस. या शुक्रवारी पार्सल आणू नकोस. तिथेच बसून खा. काकांना सांग, आमचे येये माझगावचे होते. काय म्हणाले ते मला रविवारी सांग, मी रडणार नाही.

तुझी,
आई

ता. क. बाबा डोळ्यात ड्रॉप्स घालत नाहीत. तू सांगितलंस तर ऐकतील.