गनही तुमची, खिळेही तुमचे, मग वॉरंटी का नाही?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: फ्रेमिंग नेलरची (लाकडी चौकटीत हवेच्या दाबाने खिळे ठोकणाऱ्या गनची) वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवला. आता फोन नाही, जे आहे ते लेखी.

तुमच्या सर्व्हिस सेंटरने "चुकीचे खिळे वापरले" असा शेरा मारून नेलर परत पाठवला. ते खिळे तुमच्याच सेल्सच्या माणसाने गनसोबत दिलेत. बिल एकच आहे, वरच्या ओळीत गन, खालच्या ओळीत खिळ्यांची पेटी. गन ३४ अंशांची (पट्टीत खिळे जितके तिरके जोडलेले असतात तो कोन), म्हणजे कागदी पट्टीने जोडलेल्या खिळ्यांची. पेटीतले खिळे २८ अंशांचे, तारेने जोडलेले. "सगळे चालतात, बिनधास्त वापरा" हे शब्द तुमच्या माणसाचे.

चालत नाहीत. २१ अंशांची प्लास्टिक पट्टी दिली असती तर ती मॅगझिनमध्ये (पट्टी भरायच्या खाचेत) बसलीच नसती आणि चूक काउंटरवरच कळली असती. २८ची पट्टी ३४च्या मॅगझिनमध्ये कशीबशी शिरते, घोळ तिथेच होतो. खिळा बाहेर पडायच्या नोझमध्ये सरळ उभा राहण्याऐवजी ६ अंश कलून येतो. खिळा ठोकणारं ड्रायव्हर ब्लेड माथ्याच्या मध्यावर न बसता कडेवर आदळतं. खिळा आतच वाकतो, तारेचे तुकडे नोझमध्ये अडकतात आणि पुढचा खिळाही अडतो. असं होत होत ब्लेडच्या टोकाचा एक कोपरा उडाला. आता योग्य खिळे घातले तरी माथा लाकडाच्या वर राहतो, कारण ठोकणारं टोकच अर्धं उरलंय. फोटो जोडले आहेत. तुमच्या इंजिनियरला ते एका नजरेत कळेल.

हेल्पलाइनवर हेच सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, "सर, मशीन ऑन होतंय का?" म्हटलं, ही हवेवर चालते, हिला स्विच नसतो. "ओके सर, बॅटरी फुल चार्ज आहे का?" म्हटलं, बॅटरी नाही, कॉम्प्रेसरची नळी जोडतात. "होल्डवर ठेवते सर." बराच वेळ संगीत. मग, "सर, बॅटरी काढून दहा मिनिटांनी परत लावा. ही स्टेप झाल्याशिवाय सिस्टिममध्ये तक्रार पुढे जात नाही." मी पुन्हा सांगितलं की या मशीनला बॅटरीची जागाच नाही. त्यावर, "पण सर, तुम्ही काढून बघितली का?" त्या मुलीवर माझा राग नाही. तिच्यापुढे कॉर्डलेस ड्रिलची प्रश्नावली ठेवून तिला फ्रेमिंग नेलरच्या ग्राहकासमोर बसवणाऱ्यावर आहे.

वरिष्ठांना फोन दिला, तर ते म्हणाले, "खिळा वर राहतोय ना? प्रेशर १५० करा." गनच्या अंगावर तुमच्याच कंपनीने ७० ते १२० पीएसआय छापलंय. १५० वर आतला रबरी बंपर फाटतो, हवा अडवणाऱ्या ओ-रिंग जातात, आणि गन माणसाच्या हातात असते. उडालेलं टोक जास्त दाबाने परत उगवत नाही. हा सल्ला ऐकून एखाद्या नवख्या पोराने खरंच रेग्युलेटर फिरवला आणि काही झालं, तर जबाबदार कोण?

आणखी एक. खोक्यातला कपलर (हवेची नळी जोडायचा भाग) बीएसपी म्हणजे ब्रिटिश आट्यांचा आहे, गनचं हवा घ्यायचं तोंड एनपीटी म्हणजे अमेरिकन आट्यांचं. १/४ इंच मापात एनपीटीला इंचात १८ आटे, बीएसपीला १९. दोन फेरे छान बसतात, मग अडतं, जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे कापले जातात. टेफ्लॉन टेपने हे झाकायचं नसतं. शिवाय तुम्ही गनच्या बाजूला झडपवाला कपलर दिलाय. तो लावला तर नळी काढल्यावरही गनमध्ये हवा कोंडून राहते, आणि जाम काढायला नोझ उघडणाऱ्याच्या बोटांपाशी एक ठोका शिल्लक असतो. गनला साधा, बिनझडपेचा निप्पल आणि नळीला कपलर, हे या धंद्यातलं पहिलं अक्षर आहे.

मुळात ही गन द्यायलाच नको होती. काम काय, ते खरेदीच्या वेळी सांगितलं होतं. कोकणातली लाकडी कॉटेजेस, ३८ × ८९ मिमी पाइनची चौकट, बाहेरून प्लाय, ड्रॉइंगमध्ये फुल राउंड हेडचे खिळे. पावसाळ्यात तिथे कागदी पट्टी ओल धरून फुगते आणि खिळे पुढे ढकलणारा पुशर अडतो. प्लास्टिक पट्टीची २१ अंशांची गन हवी होती. पट्टीचे तुकडे उडतात, गॉगल लागतो, पण ती दमट हवेत चालते आणि तिचे खिळे पूर्ण गोल माथ्याचे येतात. तुम्ही मात्र कोन विचारला नाही, माथा विचारला नाही, खिळ्याची जाडीही विचारली नाही. या गनला लागणारे ३४ अंशांचे कागदी पट्टीचे खिळे तुमच्या डेपोत मिळत नाहीत. ज्या गनचे खिळे ठेवत नाही, ती गन विकता कशाला?

मला हवं ते असं: गन परत घेऊन २१ अंशांचं मॉडेल द्या, नाहीतर याच गनचं ड्रायव्हर ब्लेड आणि बंपर विनामूल्य बदलून योग्य खिळे पुरवा. तुम्ही दिलेली खिळ्यांची पेटी उचला. एनपीटीचा निप्पल पाठवा. आणि "चुकीचे खिळे" हा शेरा लेखी मागे घ्या, कारण ते खिळे तुमच्याच बिलावर आहेत.

"व्यावसायिक वापर आहे, ग्राहक कायदा लागू नाही" हे उत्तर फोनवर ऐकलंय, ते लेखी देऊ नका. स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वगळलेली नाही. आठवड्यात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुमचं नाव पाहून आमच्या भागातल्या बऱ्याच सुतारांनी ड्रिल, कटर घेतलेत. गन घेण्याआधी ते मला विचारतात, आणि सध्या मी त्यांना घेऊ नका असंच सांगतोय.

सोबत: बिलाची प्रत, ब्लेडच्या टोकाचे फोटो, सर्व्हिस सेंटरचा शेरा.

आपला,
ग्राहक