अण्णांचं युफोनियम अजून माळ्यावर आहे ना?

प्रिय पक्या,

आधी शिव्या घाल आणि मग वाच. सव्वा वर्ष झालं, तुझे दोन मेसेज आणि एक व्हॉइस नोट ऐकून तशीच ठेवलीय मी, उत्तर नाही. कामाचं कारण सांगता आलं असतं पण तुला ते खपत नाही आणि ते खरंही नाही. तब्येत बरी, शुगर काठावर, हिचा गुडघा आता बऱ्यापैकी वाकतो. आई ताईकडं पुण्यात, कानानं कमी बाकी खणखणीत. झालं.

आता खरं सांगतो. परवा शनिवारी आमच्या लेकीनं, चिमीनं कॉन्सर्टो वाजवला, म्हणजे एक वाद्य पुढं आणि बाकी सगळे साथीला असा मोठा तुकडा. युफोनियमवर, अण्णांच्या त्या मोठ्या पितळी वाद्यावर. पूर्ण, तिन्ही भाग. आणि पियानोवर साथीला मी होतो. हे मी हिला सांगितलं, ऑफिसात सांगितलं, ताईला फोन केला, सगळे म्हणाले वा वा, पण कुणालाच कळलं नाही मी काय सांगतोय ते. म्हणून तुला लिहितोय लगा. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगून उपयोग नाही.

चिमी इथं गावातल्या ज्युनियर बँडमध्ये नऊ वर्षांची असताना गेली हे तुला माहितीय. या यॉर्कशरच्या भागात गिरण्या आणि कोळशाच्या खाणी होत्या, प्रत्येकीचा आपला बँड, गिरण्या गेल्या, खाणी गेल्या, बँड राहिले. पोरांना वाद्य वापरायला देतात. तिला कॉर्नेट द्यायला निघाले होते पण कपाटात मागं ते मोठं युफोनियम होतं आणि ही त्याच्याकडं बोट करून उभी. मी तेव्हाच तुला फोन करायला हवा होता.

कॉन्सर्टो जोसेफ होरोविट्झचा. हा माणूस १९२६ साली व्हिएन्नात जन्मला, १९३८ मध्ये घरचे नाझींपासून निसटून इंग्लंडला आले, पुढं इथंच शिकला, शिकवलं, टीव्हीसाठी संगीत केलं, २०२२ साली गेला. १९७२ मध्ये इथल्या नॅशनल ब्रास बँड चॅम्पियनशिपसाठी त्याच्याकडून हा कॉन्सर्टो लिहून घेतला आणि लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ट्रेव्हर ग्रूमनं पहिल्यांदा वाजवला. साथीला बँड कुठला, तर केटरिंगच्या बुटाच्या कारखान्यातून उभा राहिलेला. बुटाच्या कारखान्याचा बँड, पक्या, आणि अल्बर्ट हॉल! अण्णांना हे सांगितलं असतं तर त्यांनी मिशीवरून हात फिरवून म्हटलं असतं, त्यात काय, आपण पण बाटाच्या दुकानाचं उद्घाटन वाजवलंय.

आणि याच्या बरोबर शंभर वर्षं आधी, १८७२ साली, इटलीत पोंकिएल्लीनं लिहिलेला एक कॉन्सर्टो आहे, तिकडं या वाद्याला फ्लिकोर्नो बासो म्हणतात. हा पोंकिएल्ली पुढं ऑपेरावाला म्हणून नावाजला पण तेव्हा क्रेमोना गावच्या बँडचा मास्तर होता. बँडमास्तर! गावच्या मिरवणुका वाजवणारा माणूस. एक चाल घेऊन तिचे पलटे करत जातो, शेवटी शेवटी इतक्या बारीक सुरांची रांग की चिमी पहिल्यांदा कागद बघून म्हणाली हे बासरीचं असणार. मला पोंकिएल्ली जास्त आवडतो, चिमीला होरोविट्झ. यावरून आमचं रोज वाजतं.

तर हा होरोविट्झ मूळ बँडबरोबरचा. पंचवीस-सव्वीस माणसांचं पितळ. पण घरी, परीक्षेत, छोट्या हॉलमध्ये एवढी माणसं कुठनं आणणार, म्हणून त्या सगळ्यांचे मिळून पियानोचे कागद करतात. पंचवीस माणसांचं काम दोन हातात. मला नऊ महिने लागले. पहिल्या भागात बँडचे ते तुटक ठोके आहेत, ते उजव्या हातात घेऊ का डाव्यात यातच दोन महिने गेले. पण अडलं ते मधल्या भागात, लेंटोमध्ये. लेंटो म्हणजे विलंबित. युफोनियम वर लांब चाल गातंय आणि खाली बँड नुसता सूर धरून उभा. आता बँडवाला फुंकतोय तोवर सूर उभा राहतो, आपल्या पेटीचाही भाता आहे तोवर राहतो. पियानोचा सूर दाबल्या क्षणापासून विझायला लागतो. मी दाबतो आणि चिमी वर गात असते आणि तिच्या पायाखालची जमीन खचत जाते. भजनात एवढी वर्षं पेटी धरली त्या माणसाला हे किती जड जातं तुला कळेल. माझा डावा हात नकळत भाता शोधायचा! मग हळूहळू कळलं की पेडल किती धरायचं, कुठला मधला सूर परत हळूच लावायचा, आणि कुठं काहीच न करता तिच्यावर सोडून द्यायचं.

आणखी एक गंमत. बँडमध्ये युफोनियमवाल्याचा कागद असा लिहिलेला असतो की तो ज्याला सी म्हणतो तो माझ्या पियानोवर बी फ्लॅट वाजतो. सुरुवातीला ती म्हणायची बाबा सीपासून घे, मी सीपासून घ्यायचो आणि घरात भांडण. एक दिवस माझ्या डोक्यात लख्ख झालं, अरे ही तर पेटीची काळी पाच! अण्णा काय म्हणायचे, "इफोनियमचा सा काळी पाच, गाणाऱ्याला परवडत नसेल तर गाणारा बदला." त्या दिवसापासून आमच्या घरात काळी पाच, काळी चार असंच चालतं. तिची मास्तरीणबाई आली होती एकदा, चिमी तिला म्हणाली फ्रॉम काळी पाच प्लीज, आणि त्या बाईनं शांतपणे वहीत लिहून घेतलं.

शनिवारी हॉल म्हणजे जुनं चॅपल. थंड. पितळ गार पडलं की सूर उतरतो आणि पियानो तर हलत नाही, म्हणून ती वीस मिनिटं मागच्या खोलीत नुसती वाद्यात ऊब फुंकत बसली. पहिला भाग ठीक झाला, थोडा पळाला. मग लेंटोच्या आधी तिनं ते मांडीवर तिरकं केलं, पाण्याची चावी दाबली, पाणी काढलं. आणि मला लक्ष्मी मार्केटची वरात आठवली, माझा नवा सफारी, अण्णांनी चावी दाबली ते सगळं पाणी माझ्यावर, मी थुंकी थुंकी म्हणून बोंबलतोय आणि अण्णा म्हणतायत "थुंकी न्हवं रे, श्वासाचं पाणी हाय, गंगाजल समज." तू तर हसून हसून झांजा खाली टाकल्यास आणि नवरदेवाचं घोडं बिथरलं. मी पियानोवर बसून हसत होतो. लोकांना वाटलं असेल बाप खूश आहे.

मग लेंटो सुरू झाला. अर्ध्याच्या जरा पुढं एक जागा आहे तिथं ती नऊ महिने कधी श्वास घ्यायची नाही, एका दमात जायची. शनिवारी तिथं तिचा खांदा उचलला गेला. आणि माझे हात आपोआप थांबले. मी ठरवलं नव्हतं. अण्णांनी आपल्याला भजनात शिकवलेलं, कागदाकडं नको, हाताकडं नको, गाणाऱ्याच्या खांद्याकडं बघ. तिनं श्वास घेतला, पुढचा सूर लावला, आणि पक्या, तो अण्णांचा सूर होता. मी भावुक होऊन बोलत नाहीये. तसाच, जरा भरलेला, कडा नसलेला, लांबून आल्यासारखा. ट्रम्पेटसारखी यातली नळी सरळ जात नाही, शेवटपर्यंत रुंदावत जाते म्हणून आवाज असा येतो, हे सगळं मला आता पाठ आहे. पण विसर्जनाच्या रात्री कमानीखालून बँड जायचा तेव्हा सगळ्या कलकलाटात खालून तो एक आवाज यायचा बघ, तो.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहितोय ते.

येताना गाडीत ती म्हणाली, बाबा मला हेच करायचंय. मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न संगीत कॉलेजला अर्ज करते, ऑक्टोबरच्या सुरुवातीला जातात अर्ज. आणि माझ्या तोंडून निघालं, मराठीतच निघालं, "फुंकून पोट भरतं का?"

तुला आठवतंय हे वाक्य कुठलं. १९९४, महालक्ष्मी एक्स्प्रेसचा फलाट, तुझ्या खिशात बेळगावच्या मिलिटरी बँडच्या ट्रायलचं पत्र. मी मुंबईला निघालेलो, नोकरी लागलेली, मोठा शहाणा. मी म्हणालो फुंकून पोट भरत नाही, बँडवाल्याला पोरगी कोण देणार. आणि अण्णा मागं भडंगाचा पुडा घेऊन उभे होते. त्यांनी पुडा माझ्या हातात दिला, नीट जा म्हणाले, बास. त्यांनी ऐकलं का नाही हे मला आजपर्यंत माहीत नाही. तू कधी सांगितलं नाहीस, मी कधी विचारलं नाही. तू ट्रायलला गेला नाहीस, कुपवाडला लेथवर लागलास, आणि आपण दोन वर्षं बोललो नाही. नंतर बोलायला लागलो ते क्रिकेटवरनं, जसं काही झालंच नव्हतं. तुझं चांगलं चाललंय, शेड झाली, माणसं हाताखाली आहेत, पण त्यानं माझं ते वाक्य बरोबर ठरत नाही. मी चुकलो होतो पक्या. माफी मागायला एकतीस वर्षं लावली. आणि अण्णांची तर मागायची राहूनच गेली.

चिमीनं विचारलं, हे तुम्हाला कोणी म्हटलं होतं का? मी म्हणालो नाही, मी म्हटलं होतं. मग गाडी बाजूला घेऊन तिला सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ते काका अजून वाजवतात?

आता माझी काळजी खोटी आहे असंही नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रात युफोनियमला कायमची खुर्चीच नसते. होल्स्टच्या प्लॅनेट्समध्ये मंगळाच्या भागात किंवा स्ट्राऊसच्या एखाद्या तुकड्यात बोलावतात तेवढ्यापुरतं. इथल्या भल्या भल्या ब्रास बँडमध्ये वाजवणारे लोक दिवसा शाळेत शिकवतात, नळ दुरुस्त करतात, हॉस्पिटलात ड्यूटी करतात आणि रात्री प्रॅक्टिसला येतात, पगार नाही. पगार म्हणशील तर मिलिटरीचे बँड. बाकी शिकवणं. नुसतं सोलो वाजवून नाव केलेले आहेत, स्टीव्हन मीड आहे, डेव्हिड चाइल्ड्स आहे, त्याच्यासाठी कार्ल जेन्किन्सनं २००९ मध्ये कॉन्सर्टो लिहिला, पण असे किती? हे सगळं मी तिला सांगितलं तर तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, बाबा ही यादी माझ्याकडं तुमच्यापेक्षा मोठी आहे. मी रात्री झोपलो नाही. नको म्हणू तर फलाटावर उभा राहतो, हो म्हणू तर उद्या तिनं विचारलं तुम्हाला माहीत असून का पाठवलंत. आमची ही म्हणते, तुम्ही दोघांनी मिळून ठरवा, म्हणजे मी आणि पियानो.

मागच्या महिन्यात व्हिट फ्रायडेच्या बँड स्पर्धेला गेलो होतो, ते सांगायचं राहिलं. सॅडलवर्थच्या डोंगरातली गावं, एका संध्याकाळी बँड बसमधून उतरतो, रस्त्यानं मार्च वाजवत जातो, मग उभं राहून एक वाजवतो, जज एका बंद गाडीत बसलेला, त्याला कुठला बँड ते दिसत नाही, आणि लगेच पळत पुढच्या गावाला. लोक रस्त्याच्या कडेला, हातात ग्लास, पोरं खांद्यावर. सेम वरात रे, फक्त नवरदेव नाही! तिथं एक म्हातारा होता, सत्तरीच्या पुढचा, युफोनियमवर, पाय दुखतोय, रांगेत मागं पडतोय पण सूर सोडत नाही. तेव्हाच तुला लिहायला बसलो होतो. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या.

तर आता माझं काम ऐक. अण्णांचं ते मेरठचं युफोनियम अजून माळ्यावर आहे ना? भंगारात दिलं असशील तर मला सांगू नकोस. असेल तर खाली काढ. व्हॉल्व्ह अडकले असतील, पक्कड लावू नको, तू लेथवाला आहेस, तुला हात शिवशिवतील, तरी लावू नको. कोमट पाण्यात तासभर बुडव, उकळतं नको. बाहेरून पितांबरी चालेल, व्हॉल्व्हला अजिबात नको. अण्णा शिलाई मशीनचं तेल घालायचे, तेच घाल. आणि ओठ आधी नुसते फुरफुरवून बघ आठवडाभर, एवढ्या वर्षांनी एकदम लावलंस तर सुजतील.

पोरीचं लग्न ठरलं ते वहिनींच्या स्टेटसवर कळलं, फार छान झालं, तारीख कळव, येणार म्हणजे येणार. शेडचे पत्रे गळायचे थांबले का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या रविवारी, आमचे दुपारचे साडेतीन, तुमचे रात्रीचे आठ, व्हिडिओ कॉल लावतो. चिमी लेंटो वाजवेल, मी साथीला. मग तिला जे विचारायचंय ते ती तुलाच विचारणार आहे, मी पियानोवर गप्प बसणार. तू तिला काय वाटेल ते सांग. बेळगावचं पण सांग.

तुझा,
दिग्या

ता. क. तिच्याशी बोलताना सी-बीच्या भानगडीत पडू नको. काळी पाच म्हण, तिला कळतं.